रेल्यात मागे पडणारा तबला

पुणे, ९ मे

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला तीनताल काल नीट बसून ऐकला. सुरुवातीचा संथ पेशकार सुरेख झालाय. डाव्या हाताच्या बायाचा घुमारा इतका भरून आलाय की घरच्या खोलीतलं रेकॉर्डिंग आहे असं वाटतच नाही. पण कायद्याची (बंदिस्त रचनेची) चौगुन, म्हणजे मात्रेला चार बोल, सुरू झाली की तबला लेहऱ्यामागे, म्हणजे आवर्तन धरून ठेवणाऱ्या पेटीच्या धुनेमागे, फरफटतो आणि वेगवान रेल्यात तर सम, आवर्तनाची पहिली मात्रा, हातातून निसटते. वर मधूनमधून ती तडतड. 'लॅपटॉप जुना झालाय, नवीन घेऊन टाकतो' असं लिहिलंयस. इतक्यात घेऊ नकोस. तुझ्या लॅपटॉपला आठ-दहा ट्रॅक अजिबात जड नाहीत. तुझ्याकडे दोन वेगवेगळे बिघाड एकत्र झालेत, आणि एकावर उपाय करताना दुसरा वाढलाय.

तडतड येत होती म्हणून तू बफर १०२४ केलास. तडतड बरीच थांबली, आणि तेव्हापासून तबला मागे पडायला लागला. हे होणारच होतं. संगणक आवाज सलग हाताळत नाही, तुकड्या-तुकड्यांनी हाताळतो, आणि त्या तुकड्याची लांबी म्हणजे बफर. घरावरची टाकी मोठी असली की नळ मध्येच गेला तरी धार तुटत नाही, तसंच हे. मोठ्या बफरमुळे प्रोसेसर क्षणभर दुसऱ्या कामाला लागला तरी आवाज तुटत नाही, पण प्रत्येक तुकडा पूर्ण भरेपर्यंत थांबावं लागतं. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (आवाजाचे नमुने) घेतले तर १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद. आत येताना २३, बाहेर पडताना २३, मिळून ४६. इंटरफेसचा (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) आणि ड्रायव्हरचा (तो डबा चालवणारा प्रोग्राम) स्वतःचा वेळ त्यावर आणखी थोडा.

आता हे तबल्याच्या हिशोबात बघ. तुझी द्रुत लय मिनिटाला १८० मात्रांच्या आसपास आहे. म्हणजे एक मात्रा ३३३ मिलिसेकंदांची, आणि चौगुनीत एका बोलाच्या वाट्याला ८३. 'तिरकिट' मधला 'ति' हेडफोनमध्ये पोचतो तोवर 'र' येईपर्यंतचा निम्म्याहून अधिक वेळ निघून गेलेला असतो. त्यात तबल्याच्या काठावरचा, चाटेवरचा खरा आवाज हेडफोनच्या बाहेरून कानावर येतोच, म्हणजे प्रत्येक बोल दोनदा ऐकू येतो. अशात हात बिचकणार नाही तर काय होईल? पेशकारात मात्राच सेकंदाहून मोठी, म्हणून तिथे हे लपून राहतं. बैठकीत लेहरेवाला तुझ्यापासून मीटरभर लांब असतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ते अंतर ३ मिलिसेकंदांचं. ४६ म्हणजे जवळपास १६ मीटर. स्वतःचा तबला १६ मीटरवरून ऐकत रेला वाजवायचा, हे कुणालाच जमणार नाही. तेव्हा 'हात कच्चा पडलाय का' ही जी शंका तू पत्रात घेतलीस, ती मनातून काढून टाक. मला ती वाचून फार वाईट वाटलं.

मला तळमळीने सांगायचंय ते एवढंच की स्वतःचा तबला संगणकातून ऐकूच नकोस. तुझ्या इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण आहे. ते दाबलं की माइकचा आवाज लॅपटॉपला वळसा घालून थेट हेडफोनमध्ये येतो. त्याच वेळी रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं रेकॉर्ड मॉनिटरिंग बंद कर, नाहीतर दोन तबले ऐकू येतील. एवढं केलंस की तबल्यापुरता बफर लहान करायची गरजच उरत नाही. खुशाल ५१२ ठेव. लहान बफर लागतो तो तुझ्या लेकीला, ती कीबोर्डवरून सॉफ्टवेअरची पेटी वाजवते तेव्हा, कारण तो आवाज संगणकातच जन्माला येतो. तिच्यासाठी १२८ कर, म्हणजे एका बाजूला जेमतेम ३ मिलिसेकंद. तिचा लेहरा झाला की तो ट्रॅक फ्रीझ कर (तयार आवाज म्हणून साठवून ठेव), म्हणजे पेटीचं ओझं प्रोसेसरवरून उतरेल, आणि बफर पुन्हा वर ने. ब्लूटूथचे हेडफोन मात्र दोघांनीही लावू नयेत. त्यातला उशीर बहुतेक वेळा १०० मिलिसेकंदांच्या पुढेच असतो आणि तो बफरने कमी होत नाही.

दुसरी गोष्ट हिच्याशी लागूनच आहे आणि लोक ती हमखास विसरतात. तुला उशिरा ऐकू येणं वेगळं आणि ट्रॅक उशिरा नोंदला जाणं वेगळं. ड्रायव्हर आपला उशीर सॉफ्टवेअरला कळवतो, सॉफ्टवेअर ट्रॅक तेवढा आधीच्या बाजूला सरकवून जागेवर बसवतं. पण काही ड्रायव्हर खरा आकडा सांगत नाहीत. मग तू कितीही चोख वाजव, तबला सगळीकडे सारखाच उशिरा येणार. हे तपासायला एक वायर पुरे. इंटरफेसच्या आउटपुटमधून काढून त्याच्याच लाइन इनपुटमध्ये घाल. त्याआधी माइकला वीज पुरवणारा ४८ व्होल्टचा फँटम बंद कर, स्पीकरचा आवाज उतरव आणि मॉनिटरिंग बंद आहे ना ते बघ. मेट्रोनोमची टिकटिक एका ट्रॅकवर घे, ती वाजवत दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड कर. मग दोन्ही ट्रॅकचे तरंग (आवाजाच्या रेषा) एकाखाली एक ठेवून इतके मोठे कर की एका 'टिक'चा चढ पडदाभर दिसेल. वरच्याचा कडा जिथे उठतो तिथेच खालच्याचाही उठायला हवा. नसेल तर मधली सॅम्पल मोज आणि प्रेफरन्सेसमधल्या ऑडिओच्या रेकॉर्डिंग पानावर हाताने भरायच्या ऑफसेटमध्ये तो आकडा घाल. पुन्हा तीच चाचणी घे. अंतर दुप्पट झालं तर आकड्याचं चिन्ह उलट कर. मला या चाचणीचं फार अप्रूप आहे, कारण तिच्यापुढे वाद उरत नाही.

आता तडतड. आधी बघ, ती प्रत्येक वेळी त्याच जागी येते का. जागा बदलत असेल तर रेकॉर्डिंग शाबूत आहे, वाजवतानाच लॅपटॉप अडखळतोय. जागा तीच असेल तर ती फाइलमध्ये बसलीय. तरंग मोठा करून बघ, वळणदार रेषेत मध्येच उभा कडा तुटलेला दिसेल. तो तू कापलेल्या तुकड्याच्या तोंडाशीच असेल तर घाबरू नकोस, तिथे ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड दे (आवाज हळूहळू चढव-उतरव), जाईल. सलग वाजवलेल्या जागी असेल तर ते रेकॉर्ड होतानाच तुटलंय आणि तेवढा भाग पुन्हा वाजवण्याला पर्याय नाही.

तुझ्या फाइलमध्ये दोन्ही प्रकार सापडले. आणि सलग भागातले तडे सगळे शेवटच्या दहा मिनिटांत आहेत, पहिल्या पेशकारात एकही नाही. त्यावरून मला उन्हाळ्याचा संशय येतोय. नागपुरात पारा ४५ च्या आसपास, आणि माइकमध्ये घरघर येते म्हणून तू कूलर आणि पंखा दोन्ही बंद करून बसतोस. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो, आणि सुरुवातीला आरामात होणारं काम अर्ध्या तासाने वेळेत होत नाही. लॅपटॉप गादीवर असेल तर तो पाटावर घे, खालची जाळी मोकळी राहू दे. चार्जर लावलेलाच ठेव आणि विंडोजचा पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर कर. रेकॉर्डिंग सकाळी लवकर उरक.

तरीही थांबली नाही तर लेटन्सीमॉन नावाचा छोटा प्रोग्राम घे आणि लेहरा वाजत असताना तो चालू ठेव. प्रोसेसरला कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवून धरतो ते तो दाखवतो. बरेचदा त्यात वायफाय सापडतं, म्हणून एकदा वायफाय बंद करून फरक बघ. ऑडिओ डिव्हाइसमध्ये इंटरफेस बनवणाऱ्यांचा स्वतःचा आसियो (कमी उशिराचा ऑडिओ) ड्रायव्हर निवडलाय ना? आसियोफोरऑल हा सर्वसाधारण ड्रायव्हर ज्यांच्याकडे इंटरफेस नाही त्यांच्यासाठी ठीक, तुला त्याची गरज नाही. इंटरफेस हबमधून न जोडता थेट लॅपटॉपला जोड.

आणि हो, सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या मास्टर ट्रॅकवर तू लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारा प्रोग्राम, लावून ठेवलायस. पुढचा आवाज आधी बघून काम करणारे लिमिटर मुद्दाम उशीर करतात, आणि मग बाकीचं सगळंच तेवढं मागे थांबतं. लेक लेहरा वाजवताना तिला हा उशीरही सोसावा लागतो. रीपरच्या परफॉर्मन्स मीटरमध्ये कोणत्या ट्रॅकवर किती उशीर चढलाय तो आकडा दिसतो. रेकॉर्डिंग संपेपर्यंत लिमिटर काढून ठेव.

हे सगळं इतक्या आग्रहाने लिहितोय कारण गुरुजींचे ते कायदे आता तुझ्याशिवाय फारसे कुणाच्या हातात उरलेले नाहीत. ते जसेच्या तसे नोंदले गेले पाहिजेत, समेवर. लॅपटॉपचे पैसे वाचले तर बायासाठी चांगला माइक घे, त्याचा फरक ऐकू येईल.

वायरच्या चाचणीत किती सॅम्पलचं अंतर निघालं आणि लेटन्सीमॉनच्या यादीत सगळ्यात वर कोण आहे, तेवढं कळव. रेला पुन्हा वाजवलास की लेहरा आणि तबला असे दोन वेगळे ट्रॅक पाठव, एकत्र करून नको.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. पेटीवरचा तिचा लेहरा छान ठरलाय, तिला सांग.

तुझा,
अविनाश