सहलीची गिटार घ्यायला जाताना मोजपट्टी सोबत न्यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडू लागली की बेळगाव आणि खानापूर परिसरातील तरुण मंडळी शनिवारी जांबोटी, कणकुंबी, चोर्ला किंवा पलीकडे चंदगड तालुक्यात मुक्कामाला निघतात, आणि त्यांच्यापैकी एकाच्या तरी पाठीवर हल्ली गिटार असते. गेली बावीस वर्षे मीही याच वाटांवर गिटार घेऊन फिरत आलो आहे. सहलीसाठी आणि शेकोटीभोवतीच्या गाण्यांसाठी छोटी गिटार निवडताना मुले व पालक एकच चूक पुन्हा पुन्हा करताना दिसतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो तो ‘किती इंची?’ पूर्ण आकाराची गिटार साधारण ४१ इंच असते, म्हणून ३८ इंची म्हटली की ती लहान आणि प्रवासाला सोयीची, असे गृहीत धरले जाते. हे इंच गिटारीच्या डोक्यापासून बुडापर्यंतचे असतात. ती पिशवीत मावेल की नाही एवढेच त्यावरून कळते, हाताला कशी लागेल हे कळत नाही. त्यासाठी तारेची वाजती लांबी, म्हणजे वरच्या नटपासून (दांडीच्या टोकाची खाचांची पट्टी) खालच्या सॅडलपर्यंतचे (बुडाकडे तारा टेकतात ती पट्टी) अंतर पाहावे लागते. ते मोजणे अगदी सोपे आहे : नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे (फ्रेट म्हणजे दांडीवरची धातूची आडवी पट्टी) अंतर मोजावे आणि त्याची दुप्पट करावी. पूर्ण आकाराच्या गिटारीत हे अंतर ६५० मिलिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेपंचवीस इंचांच्या आसपास भरते. खास प्रवासासाठी बनवलेल्या गिटारींत ते बरेच कमी असते. लिटल मार्टिनमध्ये २३ इंच, टेलरच्या जीएस मिनीमध्ये साडेतेवीस इंच, तर यामाहाच्या जेआर मालिकेत अवघे ५४० मिलिमीटर. मी स्वतः ३८ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन गिटारी शेजारी ठेवून मोजल्या, तेव्हा दोन्हींच्या तारांची लांबी वेगवेगळी निघाली.

या लांबीला एवढे महत्त्व का, तर तारेवरचा ताण तिच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्याच जाडीची तार त्याच सुरात लावली, तर २३ इंच वाजत्या लांबीच्या गिटारीवर ताण पूर्ण आकाराच्या गिटारीपेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमी पडतो. त्याचा फायदा उघड आहे. बोटांना कमी त्रास होतो आणि फ्रेट जवळजवळ असल्यामुळे दहा-बारा वर्षांच्या मुलाचा हातही अवघड कॉर्डपर्यंत पोहोचतो. मात्र अशा गिटारीला बारीक तारा चढवल्या की त्या ढिल्या पडून फ्रेटवर खरखरतात, आणि शेकोटीपाशी गाणे रंगात आल्यावर बोट जरा जोरात दाबले गेले की सूर वर सरकतो. म्हणून छोट्या गिटारीला ज्यातली सर्वांत बारीक तार ०.०१० इंचाची असते त्याऐवजी ०.०१२ इंचाची असते तो संच लावावा, असे माझे ठाम मत आहे. नायलॉनच्या तारांची छोटी गिटार बोटांना आणखी मऊ लागते, पण उघड्या माळावर दहा जणांच्या आवाजात ती ऐकू येत नाही.

यापुढचा प्रश्न लाकडाचा, आणि आपल्या भागात तो सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. कणकुंबीच्या पावसात भिंतींना बुरशी धरते, तर एप्रिलमध्ये अथणीकडे हवा इतकी कोरडी असते की दाराच्या फळ्यांना भेगा पडतात, आणि हे दोन्ही अनुभव एकाच जिल्ह्यातले आहेत. अखंड लाकडाचा दर्शनी भाग आवाजाला निश्चितच गोड असतो, पण दमट हवेत तो फुगतो आणि कोरड्या हवेत आकसून तडकतो. माझी पहिली चांगली गिटार अखंड लाकडाची होती. एका उन्हाळ्यात अथणीला लग्नासाठी गेलो असताना ती तीन तास बंद मोटारीत उन्हात राहिली. संध्याकाळी उघडून पाहतो तो ब्रिज (तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी) मागच्या बाजूने उचलला गेला होता आणि त्याखाली पोस्टकार्ड सहज सरकत होते. ती पुन्हा चिकटवून आणली, पण पहिला आवाज काही परत आला नाही. तेव्हापासून सहलीसाठी मी थर चिकटवून केलेल्या, म्हणजे लॅमिनेटच्या गिटारीचाच आग्रह धरतो. तिचा आवाज थोडा कोरडा असतो खरा, परंतु ती ऋतू सोसते.

आमच्या घरी तंबोरा आहे. वडिलांनी तो मिरजेहून आणला, तेव्हा कारागिराने त्यांना समोर बसवून, जवारी (तारा टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग) कानाला पटेपर्यंत घासून मगच तो हवाली केला होता. गिटार मात्र आज खोक्यात बंद होऊन घरपोच येते आणि तारा फ्रेटपासून किती उंच आहेत हे कोणी पाहत नाही. बाराव्या फ्रेटपाशी हे अंतर अडीच मिलिमीटरहून फार जास्त असेल, तर नवशिक्याची बोटे आठवडाभरात सोलतात आणि गिटार कपाटावर जाते. त्याच फ्रेटवर तार नुसत्या स्पर्शाने वाजवावी, मग दाबून वाजवावी; दोन्ही सूर एक आले पाहिजेत. दांडीच्या कडेवरून बोट फिरवून फ्रेटची टोके टोचत नाहीत ना, आणि दांडीतला बाक काढण्यासाठी ट्रस रॉड (आतली धातूची सळई) आहे ना, हेही विचारावे. काही स्वस्त गिटारींत तो नसतो, आणि एका पावसाळ्यात दांडी वाकली की मग इलाज उरत नाही.

चौतीस-पस्तीस इंची गिटार कणकुंबीच्या भरलेल्या बसमध्येही गुडघ्यांमध्ये उभी राहते. तिला जाड अस्तराची पिशवी मात्र हवी. शेकोटी पेटवायची ती परवानगी असलेल्या शेताच्या बांधावर किंवा घराच्या अंगणातच, भीमगड अभयारण्यात नव्हे. आणि गिटार जाळापासून चार हात दूर ठेवावी, कारण आगीची धग लाकडाला उन्हाइतकीच घातक असते. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसून ती लगेच पिशवीत ठेवावी, पहाटेच्या दवात बाहेर राहू देऊ नये.

बेळगाव, खानापूर आणि निपाणीतील वाद्यविक्रेत्यांना माझी एक विनंती आहे. गिटारीच्या चिठ्ठीवर एकूण लांबीबरोबर तारेची वाजती लांबी मिलिमीटरमध्ये लिहावी, दर्शनी भाग अखंड लाकडाचा की लॅमिनेटचा हे नोंदवावे, आणि पैसे घेण्यापूर्वी ग्राहकाला ती सुरात लावून पाच मिनिटे वाजवू द्यावी. डिसेंबरच्या सुट्टीतील शिबिरांसाठी खरेदी सुरू होण्यापूर्वी हे पत्र छापले जावे, ही आपणास विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक,
शहापूर, बेळगाव