काकू, तुमच्या पळीसाठी

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र पाकिटात घालून तुमच्या हाती देता आलं असतं. पण डोंबिवलीत गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत. तुम्ही तुमच्या केंद्रात वर्षभरात जे करून दाखवलंत, ते ती चालवणाऱ्यांनी आणि तिथून डबा नेणाऱ्यांनीही वाचावं, म्हणून उघड लिहितो आहोत. आम्ही दोघी, एक आहारतज्ज्ञ आणि एक फिजिओथेरपिस्ट, चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांना जे कागदावर लिहून देतो, ते तुमच्या ओट्यावर शिजलं.

कागदावर काय असतं? दिवसाला प्रथिनं ६० ग्रॅम, तेल २५ ग्रॅम, तंतू ३० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम. सकाळी लोकल पकडून रात्री आठला परतणाऱ्या माणसाच्या घरी हा कागद फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली राहतो. तुम्ही तो वाचलात आणि विचारलंत, "हे माझ्या पळीने किती?" त्या प्रश्नाबद्दल सगळ्यात आधी आभार. तिथून पुढचं सगळं सोपं झालं.

प्रथिनांवर आमचा इतका भर का, हेही तुम्ही खोदून विचारलं होतंत. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात, साठीनंतर वेग आणखी वाढतो. जेवणातली साखर रक्तातून उचलून घेण्याचं सगळ्यात मोठं काम हेच स्नायू करतात. ते कमी झाले की पूर्वीइतकाच भात, पूर्वीइतक्याच पोळ्या खाऊनही साखर चढते आणि पोट सुटतं. वजनाचा काटा बरेचदा हलत नाही, कारण गेलेल्या स्नायूच्या जागी चरबी आलेली असते. बायकांना पाळी जायच्या सुमारास हे जास्तच जाणवतं, त्यात हाडंही विरळ होऊ लागतात. म्हणून आम्ही काट्याआधी टेप हातात घेऊन पोटाचा घेर मोजतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, टेप न आवळता. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर, याच्या वर गेलं की डब्यात आणि दिवसात बदल करायची वेळ झाली. पँटचा नंबर यासाठी चालत नाही, कारण पँट पोटाच्या खाली बांधलेली असते.

आता तुमचं वरण. हॉटेलातली किंवा घाईत केलेली पातळ आमटी वाटीभर प्यायली तरी तिच्यात डाळ जेमतेम १५ ग्रॅम असते, म्हणजे प्रथिनं ३ ग्रॅमच्या आसपास. तुम्ही माणशी ३० ग्रॅम कोरडी डाळ धरलीत, म्हणजे दहा डब्यांना ३०० ग्रॅम, आणि पाणी कमी केलंत. तीच वाटी, पण प्रथिनं दुप्पट. गिऱ्हाईक पहिल्या आठवड्यात "वरण फार घट्ट झालंय" म्हणालं तेव्हा तुम्ही पाणी वाढवलं नाहीत, वरून लिंबू आणि मिरीची फोडणी दिलीत. तुमच्या या ठामपणाचं मोल आम्हाला ठाऊक आहे, कारण धंद्यात गिऱ्हाइकाच्या तक्रारीपुढे न झुकणं सोपं नसतं.

उसळीचं गणितही तुम्हीच बसवलंत. माणशी ४० ग्रॅम कोरडी मटकी किंवा मूग, त्यातून ९ ग्रॅम प्रथिनं. पण कडधान्य एकदम वाढवलं की पोट फुगतं आणि लोक चौथ्या दिवशी उसळ सोडतात. आम्ही नुसतं "हळूहळू वाढवा" म्हणत होतो. तुम्ही आठवड्यात दोन उसळी, पंधरा दिवसांनी तीन, महिन्याने चार असा क्रमच लावलात. रात्रभर आठ-दहा तास भिजवायचं, भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं (वायू धरणारी साखर बरीचशी त्या पाण्यात उतरते), मग फडक्यात बांधून मोड येईपर्यंत ठेवायचं, शिजताना हिंग आणि आलं. छोले आणि राजमा मात्र शिजायला कमी पडले की हमखास त्रास देतात. कुकरची शिट्टी मोजण्यापेक्षा दाणा बोटांत दाबून पाहायची तुमची सवय आम्ही आता सगळ्यांना सांगतो.

सोया वड्यांचं श्रेयही तुमचंच. २५ ग्रॅम कोरड्या वड्यांत १२ ते १३ ग्रॅम प्रथिनं असतात, इतकं स्वस्त प्रथिन दुसरं नाही. लोक त्या खात नाहीत ते वासामुळे. मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळायच्या, पिळायच्या, गार पाण्यात पुन्हा धुऊन पुन्हा पिळायच्या आणि मग फ्लॉवर-बटाट्याच्या रश्शात सोडायच्या, ही तुमची रीत आमच्या कोणत्याच कागदावर नव्हती.

तेलाबद्दल जरा सविस्तर लिहायलाच हवं. किटलीच्या तोटीतून तेल कढईत पडतं तेव्हा डोळ्याला अंदाज येत नाही. तुम्ही किटली बाजूला ठेवलीत आणि ५ मिलीचा चमचा धरलात. दहा जणांच्या भाजीला १५ चमचे, म्हणजे माणशी दीड. एका चमच्यात ४० कॅलरी, तेव्हा भाजीवर तवंग यावा म्हणून पडलेले दोन जादा चमचेच ८० कॅलरी घालतात. पण तवंगाशिवाय भाजी "फिकी" वाटते हेही खरं. तुम्ही कांदा कमी तेलात टाकून झाकण ठेवलंत, तळाला लागायला आला की तेलाऐवजी दोन चमचे गरम पाण्याचा शिपका दिलात, खोबरं कोरडं भाजून वाटलंत आणि रंगासाठी काश्मिरी तिखट घातलंत. वांगं तेल स्पंजासारखं पितं, म्हणून ते आधी पाच मिनिटं वाफवून घेतलंत. आम्ही चाखून सांगतो, त्या भाजीत काही कमी नाही. घरी करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं, दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं यांतही बरीच चरबी असते. ती दोन्ही भरपूर घातली असतील तर फोडणी अर्ध्यावर यायला हवी.

पोळीचं वजन तुम्ही ३० ग्रॅम पिठावर आणलंत, गोळा काट्यावर ठेवून. अशी एक पोळी साधारण १०० कॅलरी आणि ३ ग्रॅम प्रथिनं देते. इथे भाकरीबद्दल एक गैरसमज सांगायला हवा. ज्वारी चांगली आहे, तंतू भरपूर आहेत, पण ६० ग्रॅम पिठाची जाड भाकरी म्हणजे दोन पोळ्या. "भाकरी आहे, कितीही चालते" म्हणत तीन भाकऱ्या खाणाऱ्याची साखर उतरत नाही, आणि मग दोष ज्वारीला येतो. तुमच्या डब्यात एक भाकरी किंवा दोन पोळ्या, यापेक्षा जास्त हवं असेल तर वेगळं मागावं लागतं. मागताना माणूस एकदा विचार करतो.

आणि कोशिंबीर! चार कप्प्यांच्या डब्यात ती तुम्ही सगळ्यात वर ठेवलीत. झाकण उघडलं की आधी काकडी-गाजर समोर येतं, त्याखाली उसळ किंवा वरण, मग भाजी, तळाशी पोळी-भात. भाज्या आणि कडधान्य आधी पोटात गेलं की मागून आलेल्या भाताची साखर सावकाश चढते. हे आम्ही तोंडी सांगून थकलो होतो, तुम्ही डबा रचूनच करून टाकलंत. मीठ आणि दाण्याचं कूट वेगळ्या पुडीत देता तेही नेमकं, कारण मीठ आधी घातलं की तासाभरात काकडीला पाणी सुटतं, आणि मग ती कोशिंबीर कोणी खात नाही.

हिशेब करून पाहिला. दोन पोळ्या, उसळ आणि वाटीभर दही मिळून १८-१९ ग्रॅम प्रथिनं होतात. त्यावर घरी एक अंडं किंवा पेलाभर दूध घेतलं की रात्रीच्या जेवणाचं काम झालं. ६० किलोच्या माणसाला दिवसाला किमान ५० ग्रॅम लागतात, व्यायाम करणाऱ्याला आम्ही ६० सांगतो. फक्त मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे आकडे धरू नयेत, त्यांचं माप त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

पण प्रथिनं नुसती खाल्ल्याने स्नायू होत नाहीत, त्यांना काम द्यावं लागतं. इथे तुमचं बाकडं आलं. संध्याकाळी डब्यासाठी दहा मिनिटं उभं राहावं लागतं, आणि त्या दहा मिनिटांत सगळे मोबाइल बघतात. तुम्ही बाकड्यावर व्यायामाचा तक्ता लावू दिलात, नुसता लावू दिला नाहीत, रांगेतल्या माणसांना "बसा-उठा, तोवर पोळ्या होतात" असं सांगत राहिलात.

तक्त्यावरचं इथेही लिहितो. बाकड्याच्या कडेला बसा, पावलं खांद्याइतकी लांब, टाचा जमिनीला टेकलेल्या. हात छातीशी घ्या, पुढे झुका, श्वास सोडत उठा आणि तीन आकडे मोजत सावकाश बसा. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया, कारण स्नायूला सावकाश उतरतानाही ताकद मिळते. दहा वेळा, मिनिटभर थांबून पुन्हा, असे तीन फेरे. गुडघे आत वळत असतील तर ते दुखणारच, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. आधीच दुखत असतील त्यांनी बाकड्यावर जाड उशी ठेवून उंची वाढवावी. श्वास रोखून जोर लावू नये, रक्तदाब एकदम चढतो. मग शेजारच्या भिंतीवर हात टेकवून दहा जोर. ते सोपे झाले की ओट्यावर, मग जमिनीवर. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा पंधरा वेळा वर-खाली. एका पायावर वीस सेकंद, हात भिंतीजवळ ठेवून. आठवड्यात तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. तीन फेरे सहज होऊ लागले की पाठीवरच्या बॅगेत दोन किलो पीठ टाकावं. तिथेच थांबलं तर शरीरही तिथेच थांबतं.

"मी रोज फिरतो, मला याची काय गरज" असं म्हणणारे खूप. चालणं हवंच, आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या झपझप. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर साखरेला विशेष गुण येतो. पण चालण्याने मांड्या आणि खांदे पुरेसे टिकत नाहीत, त्यासाठी वजनाविरुद्ध जोर लावावाच लागतो. आणि फेरफटक्यानंतर कट्ट्यावर दोन वडापाव झाले तर फेरफटक्याचा हिशेब तिथेच संपतो. रथसप्तमीला वर्षभराची कसर एका दिवसात १०८ सूर्यनमस्कार घालून भरून काढणारे दुसऱ्या दिवशी खांदा धरून आमच्याकडे येतात. सहापासून सुरू करून दर आठवड्याला दोन वाढवले तर कुणाला यावं लागणार नाही.

इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांनी रिकाम्या पोटी हे करू नये, घाम फुटून हात थरथरले की आधी साखर खावी. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ आली तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा. हे तुम्ही तक्त्यावर लाल अक्षरांत लिहून घेतलंत, तेही बरं केलंत.

एका गोष्टीसाठी मात्र विशेष आभार. "डाएट डबा" अशी पाटी लावा, जास्त पैसे मिळतील, असं तुम्हाला चार जणांनी सुचवलं. तुम्ही लावली नाहीत. सगळ्यांना एकच डबा, एकच भाव. त्यामुळे घरात बाबांचं पथ्याचं वेगळं ताट मांडावं लागत नाही, मुलंही तीच घट्ट डाळ खातात. पथ्य एकट्याच्या ताटात असलं की ते फार दिवस टिकत नाही.

श्रावणी सोमवारच्या डब्याचं विचारलं होतंत, त्याचं उत्तर राहिलं होतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, प्रथिनं नाममात्र, आणि खिचडीत दाणे-तूप धरून एक ताट चारशे-साडेचारशे कॅलरीवर सहज जातं. बंद करू नका, लोक रुसतील. महिन्यातल्या एखाद्या सोमवारी खिचडी ठेवा, एरवी माणशी ५० ग्रॅम कोरडी भगर, २५ ग्रॅम दाण्यांची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि दीड वाटी दही. दह्यात साखर नको. राजगिऱ्याची भाकरी करणार असाल तर पीठ गरम पाण्यात उकडून घ्या, थोडा उकडलेला बटाटा मळा, म्हणजे थापताना मोडणार नाही. संध्याकाळी उपास सोडणाऱ्यांच्या डब्यात नेहमीचं वरण दीड वाटी द्या. पहिल्या सोमवारी भगरीचं पाणी किती लागलं तेवढं कळवा, पुढच्या तक्त्यात तुमचंच माप लिहू.

तुमच्या,
आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट
डोंबिवली