धीर धरा म्हणता, पण जायचं कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कठीण काळात मन प्रसन्न कसं ठेवावं यावर पानभर मजकूर आला होता. पहाटे पाचला उठा, रोज रात्री वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहा, नकारात्मक माणसांपासून लांब राहा, संकटाला संधी समजा. शेजारी अहिल्याबाईंचं चित्र. लेख वाईट नव्हता. लिहिणाऱ्याचा हेतूही चांगलाच असणार. तरी आमच्या घरात त्याने जे केलं, ते आपल्या कानावर घालावंसं वाटलं.

माझा भाचा इथे इंदूरला विजयनगरकडे एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचा. उन्हाळ्यात त्याच्यासकट बऱ्याच जणांना एका ईमेलवर घरी बसवलं. खोलीचं भाडं झेपेना म्हणून तो माझ्याकडे नंदानगरला आला. ताईने देवासहून आपल्या लेखाचा फोटो काढून त्याला पाठवला. पोरगा सरळ आहे, दुकानातून वही घेऊन आला. आठवडाभर लिहीत होता. मग एका रात्री वही मिटून म्हणाला, “मावशी, मला हेही जमत नाही.” नोकरी गेली हे एक दुःख होतंच. आता आपल्याला नीट आनंदीसुद्धा राहता येत नाही, हे दुसरं त्याच्या बोकांडी बसलं.

मी काही मानसशास्त्र शिकलेली नाही. पोस्टात काउंटरवर बसते. पण नोकरी गेलेली माणसं मी गल्लीच्या गल्ली पाहिली आहेत. नंदानगर ही मिल कामगारांची वस्ती. मालवा, हुकुमचंद, कल्याण, राजकुमार, स्वदेशी ही नावं आमच्याकडे नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जायची. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, त्यांतल्याच एका मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे विणमागांवर होते. तिचं नाव देत नाही, कारण इतक्या वर्षांनी उणीदुणी काढायची नाहीत. आजोबा खानदेशातून इथे आले ते मिलसाठीच. नाना शाळा सोडून बदली कामगार म्हणून लागले आणि पुढे कायम झाले. साच्यांच्या आवाजाने त्यांचे कान चाळिशीतच अधू झाले होते. साचेखात्यातली माणसं ओठांवरून आणि हाताच्या खुणांवरून बोलत. आमच्या घरातही जेवताना मीठ हवं, पाणी हवं हे खुणेनेच चाले, आणि पाहुण्यांना वाटे की आमच्यात काही बिनसलंय.

नव्वदीच्या सुरुवातीला मिल बंद झाली तेव्हा मी कॉलेजात होते. पहिले काही महिने नाना दिवसा झोपत आणि रात्रपाळीच्या वेळेला बरोबर उठून ओट्यावर बसत. डबा भरायची वेळ झाली की आईचा हात आपोआप कणकेच्या डब्याकडे जाई. समजूत काढायला माणसं येत होती. “होतं ते बऱ्यासाठीच होतं,” असं एक लांबचे काका म्हणाले. त्यांची स्वतःची सरकारी नोकरी शाबूत होती. नानांना ऐकू आलं नाही, ते बरंच झालं.

त्यांना उठवलं ते शेजारच्या काकांनी. काका हुकुमचंदचे. ती मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि तिथले कामगार देण्यांसाठी दर रविवारी गेटवर जमू लागले. नाना त्या मिलचे नव्हते, त्यांचा त्या दाव्याशी काडीचाही संबंध नव्हता. काका म्हणाले, “तुला घरी बसून तरी काय करायचंय? चल.” मग दर रविवारी सकाळी नाना दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघू लागले. तिथे काय चाले? वकिलाने काय सांगितलं, तारीख कधीची, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कोण आजारी आहे, कोण गेला. चहा, बिडी आणि भरपूर शिव्या. आपल्या लेखाच्या हिशेबाने ती सगळीच नकारात्मक माणसं! त्यांच्यापासून लांब राहा असा सल्ला नानांना कोणी दिला असता आणि त्यांनी तो मानला असता, तर मला वाटतं ते त्या ओट्यावरून उठलेच नसते. आपल्यासारखीच वेळ ज्याच्यावर आलीय, त्याच्यासमोर हसरा चेहरा ठेवावा लागत नाही. माझ्या मते माणसाला पहिली विश्रांती तिथेच मिळते.

दुसरी गोष्ट झांकीची. इंदूरच्या वाचकांना सांगायला नको, पण आपला पेपर महाराष्ट्रातही जातो म्हणून लिहिते. अनंत चतुर्दशीच्या रात्री इथे मिलच्या गणेशोत्सव समित्यांच्या झांक्या निघतात. दिव्यांनी लखलखणारे, हलत्या मूर्तींचे मोठाले देखावे, पुढे आखाडे, आणि रात्रभर रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं. शंभर वर्षांच्या घरातली ही रीत. मिल सुरू असताना खर्च निघून जायचा. बंद पडल्यावर सगळ्यांना वाटलं, संपलं. पण कामगारांनी वर्गण्या केल्या, व्यापाऱ्यांकडे गेले, नगर निगम आणि विकास प्राधिकरणाकडे हात पसरले, पण झांक्या काढल्या. ज्या आवारात यंत्रं थांबली होती, तिथेच पावसाळ्यात बांबू, गोणपाट आणि रंगाचे डबे घेऊन बिनपगारी माणसं बसू लागली. मला तेव्हा याचा रागच यायचा. घरात तेलाची बाटली मोजून वापरायची आणि नाना गणपतीला बल्ब लावायला चाललेत!

ते बल्ब लावता लावता नाना दुसरं काम शिकले. झांकीच्या जागी मिलमधलेच एक वायरमन होते. आधी त्यांनी नानांना माळा जोडायला लावल्या, मग मूर्तींचे हात-मान हलवणाऱ्या मोटरी दाखवल्या. एका वर्षी ऐन वेळी एक मोटर जळाली. वायरमनकाकांचे डोळे अधू, संध्याकाळची वेळ. त्यांनी नुसतं सांगायचं आणि नानांनी तार भरायची, अशी ती मोटर दोघांनी मिळून बांधली. जन्मभर सुताचा तुटलेला धागा चालत्या साच्यावर जोडलेली बोटं ती. तार किती ओढली की तुटते आणि किती सैल सोडली की वेटोळं ढिलं पडतं, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. बाकी सगळं शिकावं लागलं.

पुढे आमच्या ओट्यावर पंख्यांचं वाइंडिंग सुरू झालं. छताच्या पंख्याचं जळलेलं तांबं काढायचं, खाचा साफ करायच्या, त्यांत कागद बसवायचा, मग छत्तीस नंबरची तार शेकडो वेढ्यांनी भरायची. रनिंगची वेटोळी वेगळी, स्टार्टिंगची वेगळी. मग जोडण्या, मग वॉर्निश, मग ऊन. पहिल्या पंख्याची जोडणी चुकली आणि तो उलटा फिरला. वारा खाली यायचा तो छताकडे. आई हसली, ती मिल बंद झाल्यापासून पहिल्यांदाच अशी हसली असेल. वेढे मोजायचं काम माझ्याकडे होतं. नानांना माझा आवाज नीट पोचत नसे, म्हणून दर शंभराला मी त्यांच्या खांद्यावर बोट टेकवायची. बी.कॉम.चा अभ्यास मी असाच एका हाताने केला.

यातून आम्ही श्रीमंत झालो नाही. उन्हाळ्यात पंखे येत, थंडीत शुकशुकाट. थंडीत नाना कापड मार्केटमध्ये एका दुकानी तागे मोजायला जात आणि जे कापड स्वतः विणलं असतं त्याचा भाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकून येत. त्याचा त्यांना त्रास व्हायचा. तो त्रास शेवटपर्यंत गेला नाही, आणि तो जायला हवा होता असंही मला वाटत नाही. मिलची आठवण निघाली की ते चिडत, रविवारी जात आणि सोमवारी पंखा उघडून बसत. हे तिन्ही एकाच माणसात नीट राहत होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की संकटात माणूस वाढतो तो एकटा खोलीत बसून चांगले विचार केल्याने नव्हे. त्याला जायला ठिकाण लागतं, ठरलेला वार लागतो आणि काहीतरी हातात देऊन “हे असं कर” म्हणणारं कोणी लागतं. आपण ज्यांचं चित्र छापलंत त्या अहिल्याबाईंचंच घ्या. १७५४ मध्ये कुंभेरीला पती गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव, १७६७ मध्ये मुलगा मालेराव. लेखात हे दुःख आहे आणि त्यांचं धैर्य आहे. पण मल्हाररावांनी या सुनेला आधीची कित्येक वर्षं कारभार शिकवला होता, तोफखान्याच्या बंदोबस्ताच्या सूचनासुद्धा पत्रांतून तिला जात होत्या, हे लेखात नाही. पुढे महेश्वरला त्यांनी विणकर आणून वसवले, हेही नाही. विणकराची मुलगी म्हणून मला ते आधी आठवलं, एवढंच.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. हुकुमचंदच्या कामगारांच्या चिकाटीची अलीकडे फार स्तुती होते. २५ डिसेंबर २०२३ रोजी त्यांच्या देण्यांचे सुमारे २२४ कोटी रुपये सुटले, तेव्हा पेपरांनी आणि टीव्हीने ‘संघर्षाचा विजय’ म्हणून पानं भरली. मिल बंद पडून तोवर ३२ वर्षं झाली होती. शेजारचे काका त्याआधीच गेले होते, पैसे काकूंच्या हातात आले. त्या म्हणाल्या, “आता या पैशांचं मी काय करू, दात करून घेऊ?” चिकाटी खरी होती, मी ती डोळ्यांनी पाहिली आहे. पण चिकाटीचं कौतुक करताना ती बत्तीस वर्षं का लागावी, हा प्रश्न गिळून टाकला की सकारात्मकता ही फक्त सोसणाऱ्याची जबाबदारी होऊन बसते. माझ्या भाच्यालाही तेच झालं. काढून टाकणाऱ्याला कोणी वही लिहायला सांगितली नाही.

तेव्हा माझी विनंती अशी. पुढच्या वेळी या विषयावर पान काढाल, तेव्हा अर्धं पान उपयोगाचं द्या. नोकरी सुटल्यावर प्रॉव्हिडंट फंडाचा अर्ज कसा भरायचा, ग्रॅच्युइटी सहसा पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर लागू होते म्हणजे नेमकं काय, ती मिळाली नाही तर कोणाकडे जायचं. माझ्या काउंटरवर रोज शिकलेली मुलं येतात आणि यातलं त्यांना काही ठाऊक नसतं. शहरात संध्याकाळी कुठे काय शिकवतात, ते द्या. वाचायला मोफत बसता येतं अशा जागा द्या. आमच्या वेळी रीगल चौकातली अहिल्या लायब्ररी होती, पंखा आणि पेपर दोन्ही फुकट. आणि ज्यांचं मन खरोखर खचलंय, झोप उडालीय, नको ते विचार येताहेत, त्यांना पहाटे पाचला उठा म्हणू नका. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ या नंबरवर, मोफत, चोवीस तास. आपल्या अख्ख्या पानात तो नंबर कुठेच नव्हता.

भाच्याला मी वही बाजूला ठेवायला लावली. सध्या तो आमच्या गल्लीतल्या दोन-तीन दुकानदारांचे हिशेब कॉम्प्युटरवर चढवून देतो. पैसे जेमतेम मिळतात, कटकट मात्र भरपूर. त्याच्याबरोबर काढलेली इतर मुलं रविवारी सकाळी पोहे खायला एकत्र जमतात आणि कंपनीला यथेच्छ शिव्या घालतात, असं कळलं. ताईला ते पसंत नाही, वेळ वाया जातो म्हणते. मी तिला नानांच्या रविवारांची आठवण दिली. ती म्हणाली, “ते वेगळं होतं.” ते कसं वेगळं होतं, हे तिने अजून मला सांगितलेलं नाही.

भाच्याची ओळख पटू नये म्हणून माझं नाव छापू नये. पत्र लांबलं आहे, कात्री लावावी लागेल हेही मला कळतं. पंख्यांचा भाग हवा तर काढा, १४४१६ ठेवा.

आपली,
एक वाचक
नंदानगर, इंदूर