आधी साहेबांचं ट्रेनिंग घ्या

मा. संपादक,

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, कुठंही जा, कंपन्यांत सध्या डिजिटल ट्रेनिंगचं पेव फुटलंय. एक्सेल शिकवायलेत, डॅशबोर्ड शिकवायलेत, आता त्यात एआय पण आलं. चांगलंय, नाही कोण म्हणतंय. पण शिकलेलं पोरगं लाईनवर जाऊन तोंड का उघडत नाही, ते कोणी विचारत नाही.

मी वाळूजला एका व्हेंडर कंपनीत, म्हणजे मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या कंपनीत, सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) आहे. आमच्या एका आयटीआयवाल्या पोरानं मोबाईलवरच गूगल शीट केली, इन्सर्ट (मशीनचं झिजणारं कापायचं टोक) कधी बदलला अन् किती जॉबनंतर, म्हणजे किती पार्ट कापल्यावर, साईज हलली एवढंच टाकायचा, आणि थोड्या दिवसांत दिसलं की रिजेक्शन (माप चुकून माल बाद होणं) जास्त करून शिफ्ट बदलतानाच होतंय, कारण जाणारा म्हणतो येणारा बदलेल आणि येणाऱ्याला इन्सर्ट किती चाललाय तेच माहीत नसतं. सुपरवायझरला दाखवलं तर म्हणे, मोबाईल लाईनवर आणलाच कसा? झालं, शीट बंद. गेटवर सजेशन बॉक्स आहे म्हणा, त्याची चावी कोणाकडं असते देव जाणे.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन बाईंनी हॉस्पिटलच्या टीम तपासल्या तर चांगल्या टीममध्येच औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या निघाल्या, तिथले लोक चूक सांगायला भीत नव्हते म्हणून. पुढं १९९९ ला एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीमवर त्यांचा पेपर आला, त्यातही तेच, जिथं बोलायची भीती नाही तिथं टीम शिकते. दुसरे एक प्रोफेसर फ्रेड लुथान्स, ते माणसाचं मानसिक भांडवल चार गोष्टींत मोजतात, आशा, स्वतःवर भरवसा, चिवटपणा आणि पुढं चांगलं होईल असं वाटणं. चिवटपणा आम्हाला दुष्काळानं फुकटात शिकवलाय हो, मार खातो तो भरवसा, चारचौघांत एकदा झापलं की पोरगं पुन्हा काही सुचवायच्या भानगडीत पडत नाही, मग त्याला कितीही सॉफ्टवेअर शिकवा.

म्हणून कंपन्यांना एवढंच सांगणं आहे, पुढच्या ट्रेनिंगला ऑपरेटरच्या आधी सुपरवायझर आणि मॅनेजर लोकांना बसवा, आणि सजेशन आलं की आठ दिवसांत हो का नाही ते कारणासकट नोटीस बोर्डावर लावा. नाही म्हणा, चालेल, पण उत्तर द्या.

एक वाचक,
वाळूज, छत्रपती संभाजीनगर