अंत्सिराबेहून

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबांच्या मोतीबिंदूला रजा मिळाली नाही आणि परक्या पोरांना भूल द्यायला बरी दहा दिवस मिळाली, असं तू फोनवर म्हणाली नाहीस, आई. पण ‘तुझं चालू दे’ ज्या सुरात म्हणालीस त्यात सगळं आलं. म्हणून हे पत्र.

अंत्सिराबे मादागास्करच्या मधल्या पठारावर, साधारण १५०० मीटर उंचीवर आहे. जुलैत इथे हिवाळा, सकाळी बोटं गारठलेली असतात. तिन्ही त्रिकाळ भात. भात काढला की पातेल्याच्या खरवडीवर पाणी ओतून उकळतात आणि तेच पितात. बाबा, खरवडीवरून तुम्ही आजोबांशी भांडायचात ना, इथे खूश राहाल.

दुभंगलेल्या ओठाचं ऑपरेशन तासाभराचं. जड जातो तो तपासणीचा दिवस. जुना ठोकताळा असा, की बाळ दहा आठवड्यांचं हवं, वजन साडेचार किलो, हिमोग्लोबिन १०. शिवाय सर्दी नको, नाहीतर भुलेत स्वरयंत्र आवळून बसतं आणि श्वासच अडतो. पोरांना हसवायचं काम सर्जनांचं, ‘नाही’ म्हणायचं बहुतेक वेळा माझं.

परवा एक बाई दोन दिवस टॅक्सी-ब्रूसमध्ये (आपली वडाप, पण खच्चून भरलेली) बसून आली. मुलगी पाच महिन्यांची, ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले. टाळू फाटली की बाळाला ओढून पिता येत नाही, दूध नाकातून येतं. हिने ॲल्युमिनियमच्या चमच्याची कड दाबून पन्हळ केली होती आणि काढलेलं दूध थेंबथेंब गालाच्या आत सोडत होती. आपलं बोंडलंच की! वजन भरलं ३ किलो ९००. मी नाही म्हटलं.

दुभाषी नर्सकडून तिने एवढंच विचारलं, माझं काय चुकलं? मला १९८० चं सूर्यग्रहण आठवलं. मी पोटात होते आणि आजीने तुला विळीला हात लावू दिला नव्हता, बाळाचा ओठ फाटेल म्हणून. तिला सांगितलं, तुझं काही चुकलं नाही, बये. नर्सने ते भाषांतर बरंच लांबवलं. काय सांगितलं कोण जाणे, पण बाई रडायची थांबली.

ही असली शिबिरं भरवणारी एक मोठी संस्था १९८२ साली फिलिपिन्सच्या नागा शहरातून उभी राहिली. तिथे पहिल्यांदा तीनशेच्या आसपास मुलं आली होती, ऑपरेशनं झाली चाळीसेक. आमचे जुने सर्जन हे दरवेळी सांगतात. पूर्वी मला वाटायचं, बढाई मारतात.

मुलीला आहाराच्या यादीत घातलंय. पुढची तुकडी आली की पुन्हा वजन.

बाबा, थेंब चुकवू नका, आणि वाकून चपला शोधू नका. आई, ते तू बघ. मी बुधवारी रात्री उतरते, जेवायला थांबू नका.

तुमची,
छकुली