प्रूचा माणूस

लंडन

तीर्थरूप बाबा आणि आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मागच्या रविवारी बाबांनी फोनवर विचारले होते, की आपल्याकडच्या एका बँकेच्या नावापुढे जे ‘प्रुडेन्शियल’ लागते, ती कंपनी मूळची कुठली आणि तिचा धंदा उभा कसा राहिला. चाळीस वर्षे विम्याचे काम केलेल्या माणसाला दोन वाक्यांत उत्तर देणे मला बरे वाटले नाही, म्हणून आज सवडीने लिहीत आहे.

होबर्न भागात लाल विटांची एक भव्य इमारत आहे, तिच्यावरून मी रोज कामाला जाते. अल्फ्रेड वॉटरहाऊस या वास्तुविशारदाने ती बांधली आणि 1879 मध्ये कंपनी तिथे राहायला आली. आता तिचे कार्यालय तिथे नाही. कंपनीची स्थापना मात्र 1848 मधली, तिथून हाकेच्या अंतरावरच्या हॅटन गार्डनमध्ये झालेली. सुरुवातीला तिचे ग्राहक बरी मिळकत असलेले लोक होते आणि धंदा बेताचाच चालत होता. खरा बदल झाला तो 1854 मध्ये, जेव्हा कंपनीने कामगारांसाठी वेगळा विभाग काढला आणि आठवड्याला एक पेनी इतक्या लहान हप्त्याची पॉलिसी देऊ केली. त्या काळी पौंडात 240 पेनी असत, यावरून हप्ता किती लहान होता ते लक्षात येईल. गिरणीतल्या किंवा गोदीतल्या माणसाला वारसांसाठी इस्टेट ठेवायची नव्हती. आपले किंवा लेकराचे दफन सरकारी खर्चाने, बेवारशासारखे होऊ नये, एवढीच त्याची धडपड होती. त्या भीतीसाठी लोक पोटाला चिमटा काढून पेनी बाजूला ठेवत.

ती पेनी न्यायला दर आठवड्याला एजंट दारात येई. लोक त्याला ‘प्रूचा माणूस’ म्हणत, प्रू म्हणजे प्रुडेन्शियल. बाबा, हे वाचले तेव्हा मला तुमची सायकल आठवली, हँडलला अडकवलेली कापडी पिशवी आठवली, आणि बाजाराच्या दिवशी अंधार पडल्यावर तुम्ही घरी येऊन वहीत हप्ते मांडत बसायचात ते आठवले.

दारात येणाऱ्या या माणसाचे मोल किती होते, हे एका सरकारी प्रयत्नाने सिद्ध झाले. अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी 1864 मध्ये कायदा करून पोस्टामार्फत स्वस्त आयुर्विमा सुरू केला. पाठीशी सरकार, हप्ता वाजवी, बुडण्याची भीती नाही. तरीही लोक फिरकले नाहीत, कारण पोस्टात स्वतः जावे लागे आणि घरी येऊन आठवण करून देणारे कोणी नव्हते. प्रुडेन्शियल मात्र इतकी वाढली, की विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधील जवळजवळ एक तृतीयांश लोकांचा विमा तिच्याकडे होता.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती मला अस्वस्थ करते. दारोदार फिरण्याचा खर्च शेवटी त्या पेनीतूनच निघत असे. ब्रिटनच्या सामाजिक सुरक्षेची योजना मांडणाऱ्या विल्यम बेव्हरिज यांच्या 1942 च्या अहवालात दाखवले आहे, की या प्रकारच्या विम्यात सर्व कंपन्या मिळून दर पौंडातले, म्हणजे वीस शिलिंगांतले, सुमारे साडेसात शिलिंग खर्चातच जात होते. शिवाय काम सुटले, हप्ते थकले, की पॉलिसी बंद पडे आणि भरलेले पैसे बहुधा बुडत. म्हणजे ज्याला आधाराची सर्वाधिक गरज त्याचेच नुकसान सर्वाधिक. हा धंदा सरकारने हाती घ्यावा अशी शिफारस बेव्हरिज यांनी केली होती. ती ब्रिटनमध्ये अमलात आली नाही.

आपल्याकडे आयुर्विम्याबाबत ते पाऊल उचलले गेले. प्रुडेन्शियलने 1923 मध्ये परदेशातली आपली पहिली आयुर्विमा शाखा हिंदुस्थानात उघडली होती आणि पहिली पॉलिसी आसामातल्या एका चहामळेवाल्याला विकली होती. पुढे 19 जानेवारी 1956 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, आणि देशी-विदेशी मिळून 245 संस्थांचा कारभार एकत्र करून 1 सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ (एलआयसी) उभे राहिले. तोवर देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले होते. ज्या महामंडळाची एजन्सी तुम्ही इतकी वर्षे अभिमानाने सांभाळलीत, त्यात या कंपनीचा भारतातला धंदाही सामावला गेला होता. आयुर्विम्याच्या धंद्यात ती पुन्हा भारतात आली ती 2000 साली, आयसीआयसीआयची भागीदार म्हणून.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. या कंपनीने 1871 मध्ये कारकुनीच्या कामावर मुली घेतल्या, आणि ते तेव्हा फार नवलाचे होते. त्या सुशिक्षित घरांतल्याच असाव्यात अशी अट होती. त्यांना जाण्या-येण्याचे दार वेगळे आणि दुपारी पाय मोकळे करायला गच्ची. लग्न केले, की नोकरी सोडावी लागे. शाळेतली नोकरी तू लग्नानंतर सोडलीस, ती कोणत्याही नियमाने नव्हे, तरी हे वाचताना तुझीच आठवण आली.

आज प्रुडेन्शियलचा सारा धंदा आशिया आणि आफ्रिकेत आहे. ब्रिटनमधला व्यवसाय 2019 मध्ये ‘एम अँड जी’ या नावाने वेगळा झाला, त्यामुळे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पेनी-पेनी भरून ही कंपनी मोठी केली, त्या इथल्या लोकांना ती आता नवी पॉलिसी विकत नाही.

बाबा, बेव्हरिज यांचा हिशेब वाचल्यापासून एक विचारायचे मनात आहे. तुमच्या जुन्या वह्या माळ्यावरच्या ट्रंकेत असतील तर काढून ठेवाल का? हप्ते थकलेल्या माणसांच्या नावापुढे तुम्ही लाल शाईने खूण करायचात आणि काहींचा हप्ता स्वतः भरून टाकायचात, हे मला आईकडून कळले आहे. त्यातल्या किती पॉलिसी शेवटपर्यंत टिकल्या, ते दिवाळीत आले म्हणजे तुमच्याजवळ बसून मोजायचे आहे.

गुडघ्याचे तेल वेळेवर लावत जा. आईने पाण्याच्या बादल्या उचलू नयेत.

तुमची,
मीरा