मेडिकलच्या काउंटरवरून काकांना

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहिते आहे म्हणून तुम्ही रागवाल. ‘फुकट इंग्रजी शिकवतो हे पेठेत कळलं तर दाराशी रांग लागेल,’ असं तुम्हीच म्हणाला होतात. म्हणून नाव, वाडा काहीच लिहीत नाही. नारायण पेठेत निवृत्त मुद्रितशोधक काही तुम्ही एकटेच नाही.

डी. फार्म. करून बार्शीहून आले तेव्हा औषधांची नावं मला बिनचूक लिहिता यायची, पण मोठ्याने म्हणायची वेळ आली की आवाज बसायचा. तुम्ही रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला भर दुपारी यायचात. एक ते चारच्या पुण्यावर बाहेरच्यांनी खुशाल विनोद करावेत; आमचं मेडिकल उघडं असायचं, गिऱ्हाईक नसायचं आणि माझी शिकवणी व्हायची. इंग्लंडात ‘मेडिकल’ म्हणजे दुकान नव्हे, शरीराची तपासणी, हेही तेव्हाच कळलं. अर्थात म्हणून मी इथे ‘मेडिकल’ म्हणायचं सोडलेलं नाही.

‘स्टमक’मधल्या सीएचचा क का होतो, हा माझा पहिला प्रश्न. तुम्ही म्हणालात, ‘शब्दाला आधी माहेर विचार.’ ग्रीकांकडून आलेला असेल तर क: स्टमक, क्रॉनिक, कोलेस्टेरॉल. फ्रेंचांकडून उशिरा आलेला असेल तर श: मशीन, पॅराशूट, शेफ. इंग्रजांच्या घरचाच असेल तर साधा च: चिन, चीक, चाइल्ड. सासरी येऊन शतकं लोटली तरी वळण जात नाही. मी लगेच ‘एक’, म्हणजे दुखणं, हा शब्द पुढे केला. तो तर अस्सल इंग्रजी, मग त्यात क कुठून आला? तुम्ही खूश झालात. डॉ. जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशात त्याचं मूळ चुकून ग्रीक धरलं आणि तेच स्पेलिंग रूढ झालं. कोशकाराचीही चूक छापून राहते, हे सांगताना तुमच्यातला मुद्रितशोधक जरा जास्तच रंगला होता.

‘त्यापेक्षा मराठी बरी, लिहितो तसं वाचतो,’ असं मी म्हटलं, तेव्हा तुम्ही रद्द बिलाच्या पाठीवर ‘चार’ लिहून मला वाचायला लावलंत. मी आकडा वाचला. ‘आता गाईला चार,’ तुम्ही म्हणालात. अक्षर तेच, च वेगळा. त्यानंतर मी इंग्रजीच्या नावाने खडे फोडले नाहीत.

चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात डॉक्टर जी आरएक्सची खूण करतात, ती लॅटिनमधल्या ‘घे’ या आज्ञेची. स्वयंपाकाची रेसिपी म्हणजे तोच शब्द. मी रोज फाडते ती रिसीटही त्याच धातूची. तिच्यातला पी उच्चारासाठी नाहीच, लॅटिनशी नातं दिसावं म्हणून मागाहून घातलेला. ‘सस्पेन्शन’चं तसंच. बाटलीवर असेल तर हलवून घ्यायचं औषध, कचेरीत असेल तर निलंबन, गाडीत असेल तर दणके सोसणारा भाग. मुळात अर्थ एकच, लटकणं, आणि भुकटी पाण्यात खरोखर लटकलेलीच असते. सिरप आणि सरबत तर सख्ख्या बहिणी, अरबीतल्या ‘पिणं’ या धातूच्या. शराबही त्याच घरातली, पण ते तुम्ही आवाज उतरवून सांगितलंत.

उच्चारात मला सगळ्यात जड गेला व. आपण ‘व्हाइट’ही व्ह ने लिहितो आणि ‘व्हॅन’ही, त्यामुळे लिहिण्यात फरकच उरत नाही. इंजेक्शनची ‘व्हायल’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत; ‘व्हाइट’ला दातांचं काम नाही, ओठांचा चंबू पुरे. काउंटरच्या आरशात पाहून हे करताना समोरच्या झेरॉक्सवाल्याने मला वेड्यात काढलं असेल.

शब्दात जोर कुठे द्यायचा याबद्दल मात्र आपलं पटलं नाही, अजूनही नाही. अप्पा बळवंत चौकातून आणलेला डॅनियल जोन्स यांचा उच्चारकोश तुम्ही प्रमाण मानता. तो १९१७ साली पहिल्यांदा निघाला. त्यानुसार ‘पॅरासिटमॉल’मध्ये ‘सी’वर जोर, आणि पुढचा स्वर जवळजवळ गिळायचा. इंग्रजीत शब्दाच्या एका तुकड्यावर वजन पडलं की शेजारचे मवाळ होतात, हे कळल्यापासून इंग्रजी बातम्या मला खरंच समजू लागल्या. पण कसबा पेठेतल्या आजींना गोळी देताना मी सगळी अक्षरं सुटी सुटी म्हणते. त्यांना कळणं महत्त्वाचं. तुम्ही नाक मुरडता, मुरडा.

तुमचे आभार खरं तर दुसऱ्याच गोष्टीसाठी मानायचे आहेत. गिऱ्हाईक समोर असताना तुम्ही मला एकदाही टोकलं नाहीत. पिशवी हातात घेऊन जाहिराती वाचत थांबायचात, दुकान रिकामं झालं की मगच, ‘अगं, तो मघाचा शब्द.’ उन्हात उभं राहायचात, तेही रक्तदाब असताना. तेव्हा खुर्ची द्यायला हवी होती. आता मालकांना सांगून एक ठेवली आहे.

आणि एक वाद अर्धा राहिलाय. गोळ्यांच्या पाकिटावरच्या एच यादीला, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांच्या यादीला, तुम्ही ‘शेड्यूल’ म्हणता आणि अमेरिकनांच्या ‘स्केज्यूल’ला हसता. मी शोधलं. शब्द फ्रेंचमार्गे आला खरा, पण लॅटिनच्याही मागे त्याचं माहेर ग्रीक निघालं. स्कूल, स्कीम यांच्यासारखंच. तुमच्याच नियमाने मग ‘स्के’ बरोबर ठरतं. पुढच्या गोळ्या न्यायला याल तेव्हा उत्तर घेऊन या.

तुमची,
मेडिकलमधली